करपरतावा, शासकीय अनुदान आणि नवउद्योजक : भिवंडीतील यंत्रमाग व्यवसायाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

लघुउद्योगांच्या संवर्धनासाठी शासनाने आजवर जी धोरणे आखली, त्यांत आर्थिक साहाय्याला मध्यवर्ती स्थान राहिले आहे. हे साहाय्य प्रामुख्याने दोन मार्गांनी उद्योजकापर्यंत पोहोचते. पहिला मार्ग अनुदानाचा. यात यंत्रसामग्रीच्या किमतीचा किंवा कर्जावरील व्याजाचा काही भाग शासन उचलते. दुसरा मार्ग परताव्याचा. यात उद्योजकाने भरलेला कर ठरावीक अटींच्या पूर्ततेनंतर त्याला परत केला जातो. या दोन्ही मार्गांची चर्चा बहुधा आकड्यांच्या अंगाने होते. किती कोटींची तरतूद झाली, अनुदान किती टक्के आहे, परताव्याची कमाल मर्यादा कोणती, हे प्रश्न विचारले जातात. हा पैसा उद्योजकाच्या हाती नेमका केव्हा पडतो, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा मागे राहिलेला प्रश्नच पहिला असतो. ज्याच्याकडे भांडवल साठलेले आहे, तो वर्षभर थांबू शकतो. ज्याने उसनवारी करून पहिले चार माग चालू केले, त्याच्यासाठी तीन महिन्यांचा विलंब म्हणजे कारखाना बंद पडणे होय. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, करपरतावा व अनुदान या दोन्ही व्यवस्था ‘आधी खर्च करा, मग मागा’ या तत्त्वावर उभ्या असल्याने त्यांचा लाभ नवउद्योजकाऐवजी आधीपासून स्थिरावलेल्या भांडवलाकडे वळतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागाच्या शहराच्या आधारे या प्रतिपादनाची येथे तपासणी केली आहे.

भिवंडीतील उद्योगाची घडण

भिवंडीच्या विणकामाची परंपरा हातमागापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमिन-अन्सारी विणकरांनी येथे हातमाग रुजवला. पुढे विसाव्या शतकात विजेच्या आगमनानंतर त्याची जागा यंत्रमागाने घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांकडील कामाचा मोठा ओघ भिवंडीकडे वळला. आज मालेगाव, इचलकरंजी व सोलापूर यांच्या बरोबरीने राज्यातील प्रमुख यंत्रमाग केंद्रांत भिवंडीची गणना होते. शांतीनगर, गैबीनगर, नारपोली, कामतघर अशा वस्त्यांतून मागांचा खडखडाट हा शहराच्या दैनंदिन जीवनाचा भाग बनला आहे.

या उद्योगाचे संघटन समजून घेतल्याशिवाय परताव्याचा व अनुदानाचा प्रश्न उलगडत नाही. भिवंडीत सूत एकाचे, माग दुसऱ्याचे, शेड तिसऱ्याचे आणि श्रम चौथ्याचे अशी विभागणी सर्रास आढळते. व्यापारी बीम आणि आडव्या धाग्याचे सूत पुरवतो. कारखानदार ते विणून ग्रे कापड परत देतो आणि पिकाच्या दराने मजुरी घेतो. ही मजुरी मीटरमागे पैशांत ठरते. अनेक कारखानदार स्वतःच्या मालकीचे मागही बाळगत नाहीत. ते जुने साधे माग भाड्याने चालवतात. मागावर राबणारा कामगार पुढे कधी ‘मालक’ झाला, तर तो याच पायरीवरून होतो. नवा रॅपिअर माग विकत घेऊन व्यवसाय सुरू करणे त्याच्या आवाक्यात नसते. भिवंडीतील नवउद्योजक म्हणजे सामान्यतः भाड्याच्या शेडमध्ये जुने माग घेऊन जॉबवर काम सुरू करणारा माणूस होय. शासकीय योजनांनी ज्या उद्योजकाची कल्पना केली आहे, त्याच्याशी हे चित्र जुळते का, हे पाहणे आवश्यक ठरते.

अनुदान : यंत्राला, की माणसाला?

वस्त्रोद्योगातील सर्वांत मोठी अनुदान योजना म्हणजे १ एप्रिल १९९९ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना. सुरुवातीला तिचे स्वरूप यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या मुदत कर्जावरील व्याजापैकी पाच टक्क्यांची प्रतिपूर्ती असे होते. लहान यंत्रमागधारकासाठी भांडवली अनुदानाचे पर्याय नंतर त्यात जोडले गेले. या योजनेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी शेवटची सुधारित आवृत्ती जानेवारी २०१६ मध्ये लागू झाली आणि तिची मुदत ३१ मार्च २०२२ रोजी संपली.

२०१६ च्या आवृत्तीचा आर्थिक आराखडा बोलका आहे. एकूण तरतूद १७,८२२ कोटी रुपयांची होती. त्यातील १२,६७१ कोटी रुपये जुन्या आवृत्त्यांखालील देणी भागवण्यासाठी राखून ठेवले होते आणि नव्या प्रकरणांसाठी ५,१५१ कोटी रुपये उरले होते. म्हणजे दर शंभर रुपयांतील सुमारे ७१ रुपये शासनाच्या मागील वचनांच्या पूर्ततेसाठी होते. या आकड्यांचा एक अर्थ असा की शासनाने आपली जबाबदारी नाकारली नाही, आणि ही गोष्ट नमूद करणे न्याय्य आहे. दुसरा अर्थ मात्र अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांनी यंत्रे आधीच बसवली होती, ते वर्षानुवर्षे अनुदानाची वाट पाहत होते. वाट पाहण्याची ही क्षमता हीच या योजनेच्या लाभार्थ्याची अलिखित पात्रता होती.

२०१६ च्या नियमांनुसार विणकामासाठी नव्या शटललेस मागांवर १० टक्के भांडवली अनुदान देय होते व त्याची कमाल मर्यादा २० कोटी रुपये होती. १० टक्के दराने २० कोटींची मर्यादा गाठण्यासाठी २०० कोटींची गुंतवणूक करावी लागते. दुसऱ्या टोकाला, दहा लाखांची यंत्रसामग्री घेणाऱ्या लहान उद्योजकाच्या वाट्याला एक लाख रुपये येतात आणि उरलेल्या नऊ लाखांची तजवीज त्यालाच करावी लागते. शिवाय हा एक लाखही यंत्र बसल्यावर, वस्त्रोद्योग आयुक्त कार्यालयाच्या देखरेखीखाली संयुक्त प्रत्यक्ष तपासणी झाल्यावर आणि कागदपत्रांची छाननी पूर्ण झाल्यावर मिळावयाचा होता. त्यामुळे यंत्र खरेदीच्या दिवशी या अनुदानाचा काडीचाही उपयोग नव्हता. बँकेच्या दृष्टीने ते भविष्यातील संभाव्य येणे होते. त्याच्या भरवशावर कर्ज मंजूर होण्याची शक्यता कमीच.

लहान यंत्रमागधारकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली योजना म्हणून ‘पॉवरटेक्स इंडिया’चा उल्लेख करावा लागेल. १ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री स्मृती इराणी यांच्या हस्ते या योजनेचा प्रारंभ भिवंडीतच झाला. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांसाठी तिच्यात ४८७ कोटी रुपयांची तरतूद होती. साध्या मागांचे जागच्या जागी उन्नयन, सामूहिक शेड, सूत बँक, सामाईक सुविधा केंद्र, सौरऊर्जा असे तिचे अनेक घटक होते. उन्नयनाचा घटक कमाल आठ माग असलेल्या छोट्या कारखान्यांसाठी होता आणि सर्वसाधारण प्रवर्गासाठी खर्चाच्या निम्मा वाटा शासन उचलणार होते. दृष्टी योग्य होती. तथापि हा घटक ज्याच्याकडे माग आधीच आहेत त्याच्यासाठी होता. नव्या माणसासाठी याच योजनेत प्रधानमंत्री पत योजना होती. मुद्रा कर्जाच्या आधारे प्रकल्प खर्चाच्या २० टक्के, कमाल एक लाख रुपयांपर्यंत, सीमांत भांडवल आणि व्याजात सहा टक्के सवलत असे तिचे स्वरूप होते. एक लाखाचा हा आकडा लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे करपरताव्याच्या विवेचनात तो पुन्हा तुलनेला घ्यावा लागणार आहे.

व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी २००८ पासून प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम व २०१९ पासून राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम अस्तित्वात आले. केंद्राच्या कार्यक्रमात शहरी भागातील सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आदी विशेष प्रवर्गांना २५ टक्के अनुदान देण्याची तरतूद झाली. भिवंडीतील विणकर समाजाचा विचार करता ही तरतूद निश्चितच मोलाची आहे. परंतु हे अनुदानही उद्योजकाच्या हाती थेट येत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेवीच्या रूपात अडकवले जाते. तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज आकारले जात नाही इतकाच तात्कालिक लाभ. अनुदानाचा ओघ बँकेच्या मंजुरीनंतर सुरू होतो, आणि मंजुरी तर पत असलेल्यालाच मिळते. भाड्याची शेड, जुने माग आणि तोंडी करारावर चालणारा जॉब यांना बँकेच्या भाषेत तारण म्हणत नाहीत.

परतावा : शासनाकडे साठलेले खेळते भांडवल

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. यंत्रमाग क्षेत्र त्यापूर्वी अप्रत्यक्ष करांच्या साखळीबाहेरच राहण्याची धडपड करत आले होते. २००३-०४ च्या अर्थसंकल्पाने विणकामाला उत्पादन शुल्काच्या साखळीत आणले तेव्हा यंत्रमागधारकांनी तीव्र विरोध केला होता व २००४ मध्ये ही सक्ती शिथिल करण्यात आली होती. वस्तू व सेवा करात ही पळवाट उरली नाही. तत्त्वतः त्यात तक्रारीचे कारणही नव्हते, कारण खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता होईल असे अभिवचन या कराच्या मुळाशी आहे.

कृत्रिम धाग्याच्या कापडाबाबत हे अभिवचन पहिल्याच दिवशी अडखळले. सुरुवातीला कृत्रिम सुतावर १८ टक्के आणि कापडावर ५ टक्के असा उलटा दर होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुतावरील दर १२ टक्क्यांवर आला, तरी उलटेपणा कायम राहिला. अशा स्थितीत साठणारे करक्रेडिट परत मिळण्याची सोय कायद्याच्या कलम ५४(३) मध्ये आहे. तथापि २८ जून २०१७ च्या अधिसूचनेने कापडाला या सोयीतून वगळले.

याचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. स्वतः सूत घेऊन कापड विकणारा एक छोटा नवउद्योजक महिन्याला दहा लाखांचे कृत्रिम सूत घेतो आणि त्यापासून चौदा लाखांचे कापड विकतो, असे मानू. सुतावर १२ टक्के दराने त्याने १,२०,००० रुपये कर भरला. कापडावर ५ टक्के दराने त्याचे देणे ७०,००० रुपये झाले. दर महिन्याला ५०,००० रुपये क्रेडिटच्या खात्यात पडून राहिले. जुलै २०१७ ते जुलै २०१८ या तेरा महिन्यांत, आरंभीचा चढा दर बाजूला ठेवून सर्वत्र १२ टक्केच धरला तरी, ही रक्कम साडेसहा लाख रुपये होते.

जुलै २०१८ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने कापडावरील परतावा मान्य केला. मात्र तो १ ऑगस्ट २०१८ पासूनच्या खरेदीला लागू झाला आणि ३१ जुलै २०१८ पर्यंत साठलेले क्रेडिट व्यपगत होईल असे २६ जुलैच्या अधिसूचनेने जाहीर केले. म्हणजे वरील उदाहरणातील साडेसहा लाख रुपये एका परिच्छेदाने पुसले गेले. गुजरात उच्च न्यायालयाने शबनम पेट्रोफिल्स प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी व्यपगततेची ही तरतूद कायद्याच्या कक्षेबाहेरची ठरवून रद्द केली. या निर्णयाचे महत्त्व वादातीत आहे. पण न्यायालयाची पायरी चढणे हाही वेळेचा आणि पैशाचा व्यवहार आहे, आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत टिकून राहण्याचे बळ पहिल्याच वर्षी व्यवसायात उतरलेल्या माणसाकडे क्वचितच असते.

परतावा मान्य झाल्यानंतरही प्रतीक्षा संपली नाही. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय द्यावा, अशी कायद्याची मुदत आहे. महिन्याचे विवरणपत्र, त्यानंतरचा अर्ज आणि त्यानंतरचे साठ दिवस असा हिशेब केला, तर सारे काही मुदतीत झाले तरी तीन महिन्यांचे क्रेडिट सतत अडकून राहते. वरील उदाहरणात ही रक्कम दीड लाख रुपये येते. येथे प्रधानमंत्री पत योजनेतील एक लाख रुपयांच्या कमाल सीमांत भांडवलाची आठवण होते. शासन एका खात्यातून नवउद्योजकाला जास्तीत जास्त एक लाख रुपये देऊ करत असताना दुसऱ्या खात्यात त्याचेच दीड लाख रुपये अडवून ठेवत होते. पहिल्या रकमेला अनुदान म्हटले जाते आणि तिच्या वितरणाचे समारंभ होतात. दुसऱ्या रकमेला नावच नाही.

विलंबाच्या किमतीतही समानता नाही. करदात्याने कर भरण्यास उशीर केल्यास १८ टक्क्यांपर्यंत व्याज आकारले जाते. शासनाने परतावा देण्यास साठ दिवसांपेक्षा अधिक उशीर केल्यास सर्वसाधारणपणे ६ टक्के. भांडवली अनुदानाच्या बाबतीत तर विलंबावर व्याजाचा असा वैधानिक हक्कही नाही. दुसरीकडे, सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे कमाल ४५ दिवसांत चुकते करावे हे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारांवर घातले आणि वित्त अधिनियम २०२३ ने ते आयकरातील वजावटीशी जोडले. खासगी खरेदीदाराला लावलेला हा दंडक शासनाने स्वतःच्या देण्यांना लावलेला नाही.

जॉबवरचा माग : परताव्याच्या कक्षेबाहेरचा उद्योजक

आतापर्यंतचे उदाहरण स्वतः सूत घेणाऱ्या उद्योजकाचे होते. भिवंडीतील बहुसंख्य छोटे कारखानदार त्या पायरीपर्यंत पोहोचलेलेच नसतात. जॉबवर काम करणाऱ्याच्या बाबतीत सुतावरील कर व्यापारी भरतो, कापड व्यापारी विकतो आणि परतावाही व्यापाऱ्याच्याच खात्यात जमा होतो. विणकामाच्या मजुरीवर ५ टक्के कर आहे. ही मजुरी कायद्याच्या दृष्टीने सेवा असल्याने वस्तूंच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०१९ पासून मिळालेली ४० लाखांची नोंदणी मर्यादा तिला लागू होत नाही. तेथे मर्यादा २० लाखांचीच आहे.

जॉबवरच्या कारखान्याचे मुख्य खर्च दोन : वीज आणि मजुरी. वीज या कराबाहेर आहे आणि मजुरीवर कर नसतो. त्यामुळे या दोन मोठ्या खर्चांवर क्रेडिट निर्माणच होत नाही. करपरताव्याची सारी यंत्रणा क्रेडिटवर उभी असल्याने, ज्याचा खर्च श्रम आणि वीज यांवर होतो त्याला ती स्पर्शही करत नाही. राज्य शासन उद्योगांसाठी १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवत आले असून तिच्या अलीकडील आवृत्त्यांत राज्य वस्तू व सेवा कराशी निगडित औद्योगिक विकास अनुदानाची तरतूद आहे. तेथेही हेच तर्कशास्त्र दिसते. भरलेल्या करावर मदत मोजली, की जो मुळात कमी कर भरतो त्याची मदतही आपोआप कमी होते.

यंत्रावरील कराची गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. नवउद्योजकाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा एकरकमी कर हा यंत्र खरेदीच्या वेळी भरलेला असतो. पण उलट्या दरामुळे मिळणाऱ्या परताव्याच्या सूत्रात यंत्रसामग्रीवरील व सेवांवरील कर धरला जात नाही. सेवांच्या वगळणुकीला आव्हान देणाऱ्या व्हीकेसी फूटस्टेप्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२१ रोजी हे सूत्र वैध ठरवले. त्यातील त्रुटींचा विचार करण्याचे काम मात्र परिषदेवर सोपवले. यंत्रावरील कर पुढील विक्रीतून हळूहळू वळता करून घ्यावा, अशी व्यवस्था आहे. प्रस्थापित कारखान्याची उलाढाल मोठी असते, त्यामुळे त्याच्याकडून तो लवकर वळता होतो. नव्या कारखान्याकडे हीच गोष्ट नसते.

‘स्टार्टअप’ची संकल्पना आणि भिवंडी

१६ जानेवारी २०१६ रोजी स्टार्टअप इंडिया कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि ‘नवउद्योजक’ या शब्दाला शासकीय व्याख्या लाभली. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-आयएसीने मान्यताप्राप्त नवउद्यमांना पहिल्या दहा वर्षांतील सलग तीन वर्षे नफ्यावर शंभर टक्के वजावट देऊ केली. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची बीजभांडवल योजना आली. या उपक्रमांनी माहिती तंत्रज्ञानासारख्या क्षेत्रांत नवे वातावरण निर्माण केले, हे मान्य करावे लागेल.

तथापि वजावटीच्या अटी पाहिल्या की भिवंडीचा नवउद्योजक त्यांत कोठेच बसत नाही. संस्था खासगी मर्यादित कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी या स्वरूपाची हवी. एकल मालकीला स्थान नाही. व्यवसायात नावीन्य हवे आणि ते आंतरमंत्रालयीन मंडळाने प्रमाणित करायला हवे. जुनी, पूर्वी वापरलेली यंत्रसामग्री एका मर्यादेपलीकडे चालत नाही. भाड्याच्या जुन्या मागांवर उभा राहणारा कारखाना येथेच बाद होतो. आणि या साऱ्या अटी पार केल्या, तरी वजावट नफ्यावरील करातून मिळावयाची आहे. पहिल्या वर्षांत नफाच नसेल, तर वजावट कशातून करणार? एकाच तालुक्यात महामार्गालगतच्या अवाढव्य गोदामांतून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांचा माल हलतो आणि शहरात साधे माग भंगारात निघतात. नवउद्यमाची अर्थव्यवस्था भिवंडीला अपरिचित नाही. भिवंडीचा नवउद्योजक मात्र तिच्या व्याख्येला अपरिचित आहे.

प्रतिवाद आणि त्याचे मूल्यमापन

‘आधी खर्च, मग मदत’ या तत्त्वाला शासनाच्या बाजूने सबळ समर्थन आहे. आगाऊ दिलेले अनुदान गैरमार्गाला जाते. कागदावरचे माग, फुगवलेल्या किमतींची बिले, अस्तित्वात नसलेले कारखाने हे प्रकार अनुदान व्यवस्थेला नवे नाहीत. वस्तू व सेवा करातही बनावट बिलांवर क्रेडिट उचलण्याची प्रकरणे वारंवार उघडकीस येत असतात. सार्वजनिक पैशाचे विश्वस्त या नात्याने शासनाने पडताळणी करणे अपरिहार्य आहे, हा युक्तिवाद फेटाळता येणार नाही.

परंतु पडताळणी आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडताळणीचा खर्च कोणी सोसावा, हा खरा प्रश्न आहे. सध्याच्या रचनेत तो संपूर्णपणे अर्जदार सोसतो, आणि जितका अर्जदार लहान तितका तो त्याला जड जातो. बनावट कारखाना काढणाऱ्याकडे कागदपत्रे नीटनेटकी तयार असतात. अडचण येते ती भाडेकराराविना चालणाऱ्या खऱ्या कारखान्याला. त्यामुळे कागदाची चाळणी जसजशी बारीक होते, तसतसा तिच्यातून प्रामाणिक पण असंघटित उद्योजकच गळत जातो.

‘परत देणे’ की ‘न घेणे’?

या कोंडीतून बाहेर पडण्याचे मार्ग धोरणाच्या अनुभवातच दडलेले आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये परिषदेने वस्त्रोद्योगातील उलटा दर दुरुस्त करण्यासाठी कापडावरील कर १२ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे ठरवले होते. देशभरातून विरोध झाल्याने ३१ डिसेंबर २०२१ रोजी हा निर्णय पुढे ढकलला गेला. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत परिषदेने उलट दिशा स्वीकारली. कृत्रिम तंतूवरील कर १८ वरून व सुतावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. वरील उदाहरणातील उद्योजकाचे दरमहा अडकणारे ५०,००० रुपये या एका बदलाने अडकेनासे झाले. त्यासाठी अर्ज, छाननी किंवा तपासणी यांपैकी कशाचीही गरज पडली नाही. आठ वर्षांच्या परतावा व्यवस्थेला जे साधले नाही, ते कर मुळातच कमी घेतल्याने साधले. त्याच बैठकीत उलट्या दराच्या प्रकरणांत जोखीम तपासून ९० टक्के परतावा तात्पुरत्या स्वरूपात आधी देण्याची शिफारस झाली. पडताळणी आणि विलंब यांची फारकत करता येते, याची ही शासनानेच दिलेली कबुली आहे.

दुसरे उदाहरण विजेचे. यंत्रमागांना वीजदरात राज्य शासन दीर्घकाळ सवलत देत आले आहे. मार्च २०२४ मध्ये २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभार असलेल्या यंत्रमागांना प्रतियुनिट एक रुपया आणि २७ ते २०१ अश्वशक्तीच्या दरम्यानच्या यंत्रमागांना ७५ पैसे अतिरिक्त सवलत जाहीर झाली. भिवंडीत जानेवारी २००७ पासून वीज वितरण टोरंट पॉवर या फ्रँचायझी कंपनीकडे आहे. सवलत मात्र शासनाची. वीज सवलतीचे वैशिष्ट्य असे की ती बिलातच वजा होते. माग चालला तर सवलत मिळते, बंद राहिला तर मिळत नाही. पडताळणीचे काम मीटरच करतो. जोडणी शेडमालकाच्या नावावर असल्यास भाडेकरू कारखानदारापर्यंत ती पूर्ण पोहोचेलच असे नाही, ही तिची मर्यादा आहे. तरीही ती मागाच्या चालण्याशी बांधलेली आहे, भांडवलाच्या मालकीशी नाही, आणि म्हणूनच छोट्या कारखानदाराला ती जवळची वाटते.

या दोन उदाहरणांवरून काही सूचना करता येतात. पहिली, भांडवली अनुदान कर्जमंजुरीच्या दिवशीच थेट यंत्र उत्पादकाच्या खात्यात जमा करावे व तपासणी नंतर करावी. पैसा अर्जदाराच्या हातून जात नसल्याने गैरवापराची भीती मर्यादित राहते. दुसरी, प्रथमच नोंदणी करणाऱ्या सूक्ष्म उद्योगाला यंत्रावर भरलेल्या कराचा परतावा एका मर्यादेपर्यंत पहिल्याच वर्षी द्यावा. तिसरी, अनुदानाच्या विलंबावर शासनाने व्याज द्यावे आणि करपरताव्यावरील व्याजाचा दर करदात्याकडून घेतल्या जाणाऱ्या दराच्या बरोबरीने ठेवावा. चौथी, जुने माग भाड्याने घेऊन जॉबवर काम करणाऱ्यालाही उद्योजक म्हणून स्वतंत्र ओळख द्यावी. वीजवापर आणि मजुरीची बँकेतून झालेली आवक हा तिचा आधार असावा. मालकीचा दाखला हाच उद्यमशीलतेचा एकमेव पुरावा मानण्याची प्रथा सोडणे, हा या सर्व सूचनांचा गाभा आहे.

समारोप

भिवंडीच्या अनुभवातून असे दिसते की करपरतावा व अनुदान यांच्या रकमा वाढवल्याने नवउद्योजकाचा प्रश्न सुटत नाही, कारण त्याची उणीव रकमेइतकीच वेळेची आहे. खर्चानंतर मिळणारी मदत ज्याच्याकडे खर्च करण्याची ऐपत होती त्यालाच मिळते, आणि भरलेल्या करावर मोजलेली मदत ज्याची उलाढाल मोठी त्याच्याकडे झुकते. यात कोणाचा कुटिल हेतू शोधण्याचे कारण नाही; रचनेचाच हा स्वाभाविक परिणाम आहे. २०२५ च्या दरबदलाने कृत्रिम धाग्यापुरती एक गाठ सुटली. यंत्रावरील कर, जॉबवरच्या विणकराची ओळख आणि अनुदानाचा कालावधी या गाठी अद्याप तशाच आहेत. मागावरचा कामगार मालक होऊ शकतो, ही शक्यता भिवंडीसारख्या शहरांचे सामाजिक बळ राहिली आहे. ती शक्यता टिकवायची, तर शासनाची मदत त्याने पहिला बीम चढवण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.